शिमानो डिओर एम५१००: जुन्या चाकावर घरी बसवलेले अकरा गिअर

गेली सात वर्षे मी पुण्यात एकच माउंटन बाइक चालवतो आहे. पुढे सस्पेन्शन, मागे साधी पक्की फ्रेम, साडेसत्तावीस इंची चाके आणि पुढे तीन व मागे आठ असे चोवीस गिअर, अशी ती अगदी सर्वसाधारण सायकल आहे. वेताळ टेकडीवरच्या दगडगोट्यांच्या वाटा, सुट्टीच्या दिवशी सिंहगड आणि वर्षातून दोन-तीनदा पाबे घाट एवढा तिचा वापर. मागच्या वर्षी तिची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा गठ्ठा, आणि चेन पूर्ण झिजली, तेव्हा त्याच आठ गिअरचे सुटे भाग पुन्हा बसवायचे की सगळी गिअरव्यवस्थाच बदलायची, हा प्रश्न उभा राहिला. बराच विचार करून मी सायकलचे भाग बनवणाऱ्या शिमानो कंपनीच्या डिओर एम५१०० या श्रेणीतील कॅसेट, मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग), उजवा शिफ्टर (हँडलवरची गिअर बदलण्याची यंत्रणा) आणि अकरा गिअरची चेन घेतली आणि घराच्या गॅलरीत स्वतःच्या हाताने बसवली. दोन पावसाळे काढल्यानंतर त्या संचाविषयी आणि तो घरी बसवण्याच्या कामाविषयी सविस्तर लिहावे असे वाटले, कारण खरेदीपूर्वी मला जी माहिती हवी होती, ती मराठीत एका ठिकाणी मिळाली नव्हती.

डिओरची ही पिढी २०२० साली बाजारात आली. तेव्हा कंपनीने एकाच नावाखाली दहा, अकरा आणि बारा गिअरच्या तीन श्रेणी काढल्या: एम४१००, एम५१०० आणि एम६१००. पहिल्या नजरेला बारा गिअरची श्रेणी अधिक आकर्षक वाटते आणि दुकानदारही तीच पुढे करतात. परंतु माझ्यासारख्या जुन्या सायकलच्या मालकासाठी निर्णय गिअरच्या संख्येवर ठरत नाही, तो मागच्या चाकाच्या हबवर, म्हणजे मध्यभागी फिरणाऱ्या भागावर, ठरतो. बारा गिअरच्या कॅसेटमधली सर्वांत लहान चकती दहा दात्यांची असते आणि एवढी लहान चकती जुन्या पद्धतीच्या फ्रीहबवर, म्हणजे हबच्या ज्या खाचांच्या भागावर कॅसेट सरकवतात त्यावर, मावत नाही. त्यासाठी मायक्रो स्प्लाइन नावाचा वेगळा फ्रीहब लागतो. साध्या सायकलच्या हबला तो बहुधा बसत नाही. म्हणजे हब नवा, हब नवा म्हणून स्पोक नवे, आणि चाक पुन्हा विणण्याची मजुरी वेगळी. एम५१०० ची अकरा गिअरची कॅसेट मात्र ११ दात्यांपासून सुरू होते आणि आठ, नऊ किंवा दहा गिअरच्या जुन्या फ्रीहबवर जशीच्या तशी सरकते. मोठ्या चकत्या आतल्या बाजूला स्पोकांच्या दिशेने थोड्या झुकवलेल्या असल्यामुळे तेवढ्याच रुंदीत अकरा चकत्या मावतात. मी ज्या एका दुकानात प्रथम चौकशी केली, तिथे मला संपूर्ण चाक बदलावे लागेल असे ठामपणे सांगण्यात आले होते. ते खरे नव्हते, आणि त्यावर विश्वास ठेवला असता तर माझा खर्च जवळजवळ दुप्पट झाला असता.

इथे एक सावधगिरी घेतलीच पाहिजे. स्वस्त सायकलींमध्ये, विशेषतः मागे सहा किंवा सात गिअर असलेल्यांमध्ये, पुष्कळदा फ्रीहब नसतोच. हबला आटे असतात आणि चकत्यांचा संपूर्ण गठ्ठा, म्हणजे फ्रीव्हील, त्या आट्यांवर फिरवून बसवलेला असतो. त्या हबवर ही कॅसेट बसू शकत नाही. आपल्याकडे काय आहे हे ओळखण्याची युक्ती सोपी आहे. मागचे चाक काढून हातात धरावे, चकत्या उलट्या दिशेने फिरवाव्यात आणि मध्यभागी जिथे पान्याच्या खाचा दिसतात तिकडे पाहावे. त्या खाचा चकत्यांबरोबर फिरत असतील तर कॅसेट आहे, आणि चकत्या फिरूनही खाचा जागच्या जागी स्थिर राहत असतील तर फ्रीव्हील आहे. सात गिअरचा फ्रीहब असला तरी तो रुंदीला कमी असतो, त्यामुळे तिथेही हे जमणार नाही. पैसे मोजण्यापूर्वी ही दोन मिनिटांची तपासणी प्रत्येकाने करावी.

आता दात्यांचा हिशेब, कारण या संचाचे सगळे मर्म तिथे आहे. मी जुनी आणि नवी कॅसेट वर्तमानपत्रावर शेजारी-शेजारी ठेवून दाते मोजले. जुनीवर ११, १३, १५, १८, २१, २४, २८ आणि ३२ अशा चकत्या होत्या. नवीवर ११, १३, १५, १८, २१, २४, २८, ३३, ३९, ४५ आणि ५१. म्हणजे पहिल्या सात चकत्या तंतोतंत त्याच, आठवी एका दात्याने मोठी, आणि तिच्यापुढे चढासाठी आणखी तीन. हे पाहिल्यावर माझ्या मनातील शंका बरीचशी फिटली, कारण सपाट रस्त्यावर ज्या अंतराने गिअर बदलण्याची पायाला सवय झाली होती ते अंतर मुळीच बदलणार नव्हते. पुढच्या बाजूला मी तीनऐवजी ३२ दात्यांची एकच चकती ठेवली. पूर्वीचा सर्वांत हलका गिअर पुढे २२ आणि मागे ३२ असा होता. पॅडलच्या एका फेरीत चाक ०.६९ वेळा फिरत असे. आता पुढे ३२ आणि मागे ५१ असल्याने ते ०.६३ वेळा फिरते, म्हणजे चढ पूर्वीपेक्षाही हलका झाला. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तरी सायकल ताशी जेमतेम पाच किलोमीटरने वर सरकते, आणि पाबे घाटातील उभ्या वळणांवर मला नेमके तेच हवे असते.

गमावले ते वरच्या टोकाला. पूर्वी पुढे ४२ आणि मागे ११ हा जड गिअर होता. आता ३२ आणि ११ वर थांबावे लागते. मिनिटाला ९० फेऱ्यांनी माझ्या चाकाचा वेग ताशी सुमारे ३४ किलोमीटर येतो, तर जुन्या गिअरवर तो ४५ च्या आसपास जात असे. एकूण पल्ला पाहिला तरी जुनी व्यवस्था मोठी होती: तिथे सर्वांत जड गिअर सर्वांत हलक्याच्या साडेपाच पट होता, इथे तो साधारण चार पूर्णांक सहा पट आहे. तेव्हा एक चकती म्हणजे सर्व बाबतींत प्रगती, अशी समजूत करून घेऊ नये. ज्यांना रोज महामार्गावरून लांबचा प्रवास करायचा आहे, उतारावरही पॅडल मारत राहायचे आहे, त्यांनी पुढच्या तीन चकत्या सोडण्यापूर्वी दोनदा विचार करावा. मला मात्र दगडी उतारावर ताशी ३४ पेक्षा अधिक वेगाची कधीच गरज पडलेली नाही.

पुढच्या चकतीबाबत माझे नशीब चांगले होते. माझ्या क्रँकला, म्हणजे पॅडल ज्याला जोडतात त्या दांड्याला, चार बोल्टने बसवलेल्या, सुट्या होणाऱ्या चकत्या होत्या आणि बोल्टच्या वर्तुळाचा व्यास १०४ मिलिमीटर होता. या मापाच्या, एक दाता जाड आणि एक दाता बारीक अशा रचनेच्या ३२ दात्यांच्या चकत्या सहज मिळतात. ही रचना २०१२ साली स्राम या कंपनीच्या पहिल्या एकचकती संचाबरोबर लोकप्रिय झाली. जाड दाता चेनच्या रुंद कडीत आणि बारीक दाता अरुंद कडीत घट्ट बसत असल्यामुळे पुढचा डिरेलर नसतानाही चेन सहसा उतरत नाही. मी बाहेरची आणि आतली चकती काढून टाकली, मधल्या जागी नवी बसवली आणि तिच्यासाठी आखूड बोल्ट घेतले, कारण जुने बोल्ट दोन चकत्यांच्या जाडीचे असल्याने एकाच चकतीवर ते आवळले जात नाहीत. ज्यांच्या क्रँकच्या चकत्या रिव्हेटने कायमच्या जोडलेल्या आहेत त्यांना नवा क्रँक घ्यावा लागेल, आणि हा खर्च आधीच धरलेला बरा. त्याचप्रमाणे ज्यांचा शिफ्टर आणि ब्रेकची मूठ एकाच तुकड्यात आहे, त्यांना ब्रेकची मूठही वेगळी घ्यावी लागेल.

चारही भाग मिळून मला पंधरा-सोळा हजारांच्या घरात पडले. किमती दुकानागणिक आणि महिन्यागणिक बदलतात. यात हत्यारांचा खर्च धरलेला नाही. कॅसेट काढण्यासाठी चेनचा तुकडा लावलेला दांडा आणि लॉकरिंगची (कॅसेट जागी आवळून धरणाऱ्या कड्याची) खाचांची चावी, चेन तोडण्याचे यंत्र, अ‍ॅलन कीचा संच आणि केबल कापण्याची खास कात्री एवढे तरी हवेच. यांपैकी केबलच्या कात्रीवर काटकसर करू नये. गिअरचे आउटर, म्हणजे केबलवरचे आवरण, साध्या पक्कडीने कापले तर टोक चेपते, आतले प्लास्टिकचे अस्तर मिटते आणि नंतर केबल जड का ओढली जाते याचा शोध घेण्यात संध्याकाळ जाते. कापल्यानंतर टोक कानसने सपाट करून दाभणाने अस्तर पुन्हा गोल उघडावे. आणि ब्रेकचे आउटर उरले आहे म्हणून ते गिअरला कधीही वापरू नये. त्याची आतली वीण वेटोळ्यांची असते, ती दाबली जाते आणि गिअरची जुळणी टिकत नाही.

टॉर्क पाना माझ्याकडे नव्हता. कॅसेटची लॉकरिंग ४० न्यूटन मीटरने आवळायची असते आणि हा आकडा हाताच्या अंदाजाने येत नाही. बहुतेक जण फार कमी आवळतात. मी प्रवासाच्या बॅगेचे वजन करायचा हुकाचा काटा वापरला. पान्याचा दांडा मध्यापासून २५ सेंटिमीटरवर धरून, काटकोनात ओढताना काट्यावर सोळा किलो दिसले की ४० न्यूटन मीटर होतात. शेवटच्या टप्प्यात लॉकरिंगच्या दात्यांचा कर्रकर्र आवाज येतो, तो ऐकून घाबरू नये. डिरेलरचा मुख्य बोल्ट ८ ते १० आणि केबल पकडणारा बोल्ट ६ ते ७ न्यूटन मीटरचा आहे. तेही याच काट्याने, छोट्या दांड्यावर हिशेब करून आवळता येतात.

बसवण्याचे काम एका रविवारी सकाळी सुरू केले. जुने भाग काढायला तासभर गेला. फ्रीहबच्या खाचांमध्ये साचलेली काळी माती आणि वाळलेले ग्रीस काढण्यासाठी जुना टूथब्रश आणि थोडे डिझेल पुरले. नवी कॅसेट सरकवताना एक खाच इतरांपेक्षा वेगळ्या रुंदीची असते, ती जुळली की चकत्या आपोआप योग्य स्थितीत बसतात. चेनची लांबी ठरवताना ती डिरेलरमधून न घेता, पुढच्या चकतीवरून आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीवरून थेट गुंडाळून पाहावी आणि माहितीपत्रकात सांगितलेल्या जादा कड्या सोडून मगच तोडावी. ५१ दात्यांच्या चकतीमुळे चेन पूर्वीपेक्षा बरीच लांब लागते. जुन्या चेनच्या मापाने कापण्याची चूक अनेकांकडून होते आणि ती महाग पडते. अक्षरे कोरलेली बाजू बाहेर ठेवायची, हेही ध्यानात असावे.

दुपारी दोनपर्यंत सगळे जागेवर होते. केबल न जोडता लहान चकतीवरची मर्यादा स्क्रूने ठरवली, मग केबल ओढून बांधली, मोठ्या चकतीवरची मर्यादा ठरवली. दोन्ही टोकांना गिअर स्वच्छ बसत होते. पण मधल्या तीन-चार चकत्यांवर चेन सतत कुरकुरत होती. २४ वर शांत केली की ३३ वर आवाज, ३३ वर शांत केली की १८ वर ती चढायला नकार देई. मी केबलच्या ताणाचा गोल स्क्रू अर्धा फेरा इकडे, पाव फेरा तिकडे असा संध्याकाळपर्यंत फिरवत बसलो. नवा आणलेला शिफ्टर सदोष असावा अशी माझी खात्री होत चालली होती.

दुसऱ्या दिवशी मी सायकल पेठेतल्या एका जुन्या कारागिराकडे नेली. साठीच्या पुढचे ते काका दुकानाच्या फळीवर बसून एका मुलाच्या सायकलच्या चाकाचा आउट काढत होते. त्यांनी पॅडलला हात न लावता सायकलच्या मागे उकिडवे बसून एक डोळा मिटला आणि म्हणाले, "साहेब, गिअरला दोष देऊ नका. हँगर आत गेलाय. पूर्वी कधी उजव्या बाजूला पडला होता का?" हँगर म्हणजे मागचा डिरेलर ज्याला आवळला जातो तो फ्रेमचा छोटा तुकडा. पडलो होतो, हनुमान टेकडीच्या उतारावर, दोन वर्षांपूर्वी. आठ गिअरला तो वाकडेपणा चालून गेला होता, कारण तिथे चकत्यांमधले अंतर मोठे असते. अकरा गिअरला तो चालणार नव्हता. त्यांनी सरळ करून देण्याचे किती होतील असे विचारता, "घरीच काम करताय ना, मग हेही घरीच करा," असे म्हणून त्यांनी मला जी पद्धत दाखवली, ती मी आजवर दुसऱ्या कुठेही प्रत्यक्ष पाहिलेली नाही.

डिरेलर ज्या भोकात आवळला जातो त्याचे आटे १० मिलिमीटर व्यासाचे आणि एक मिलिमीटर पीचचे असतात. गिअरच्या पुष्कळ सायकलींच्या मागच्या अखंड अ‍ॅक्सलचेही आटे हेच असतात. म्हणजे अशा दुसऱ्या सायकलचे मागचे चाक काढून त्याचा अ‍ॅक्सल डिरेलरच्या जागी हँगरमध्ये फिरवून बसवला, तर ते चाक आपल्या सायकलच्या मागच्या चाकाला समांतर उभे राहायला हवे. हँगर वाकडा असेल तर राहत नाही. मी घरी येऊन माझ्या मुलाच्या सायकलचे चाक काढले. आटे अगदी हलक्या हाताने, बोटांनी फिरवत बसवले, कारण अ‍ॅल्युमिनियमच्या हँगरचे आटे तिरके गेले तर तो फेकूनच द्यावा लागतो. मग दोन्ही रिममधले अंतर पट्टीने मोजले: वर आणि खाली यांत १४ मिलिमीटरचा फरक होता. ते उसने चाक दोन्ही हातांनी धरून हळूहळू बाहेर ओढले, सोडले, मोजले, पुन्हा ओढले. एका झटक्यात सरळ करण्याचा प्रयत्न केल्यास हँगर तुटतो. वाकवलेले अ‍ॅल्युमिनियम फार वेळा मागेपुढे सोसत नाही. पाचव्या प्रयत्नात फरक दोन-तीन मिलिमीटरवर आला. डिरेलर पुन्हा लावला आणि केबलचा स्क्रू एकदाच, पाऊण फेरा फिरवला. अकराही गिअर वर-खाली, एकही कुरकुर न होता बसले. मी पॅडल हाताने फिरवत कितीतरी वेळ तिथेच बसून राहिलो.

म्हणून या संचाविषयी माझे पहिले स्पष्ट मत असे, की तो घरी बसवायला अवघड नाही. फक्त त्याला सरळ हँगर हवा, आणि सायकल कधीही पडलेली असेल तर नव्या भागांच्या पेट्या उघडण्यापूर्वी हँगर तपासावा.

चालवण्याच्या अनुभवात सर्वांत मोठा फरक आवाजाचा आहे. या डिरेलरमध्ये क्लच असतो. खालच्या बाजूची लहान कळ फिरवून तो चालू किंवा बंद करता येतो. चालू असताना डिरेलरचा दांडा सहजासहजी पुढे झुकत नाही, त्यामुळे चेन ताणलेली राहते. पूर्वी वेताळ टेकडीवरून खाणीच्या बाजूला उतरताना चेन फ्रेमवर आपटून अखंड खडखड होत असे आणि महिन्यातून एकदा तरी ती उतरत असे. या दोन पावसाळ्यांत ती एकदाही उतरलेली नाही, आणि उतारावर आता टायरखाली सरकणाऱ्या खड्यांचा आवाज ऐकू येतो, जो खरे तर चालवणाऱ्याला हवाच असतो. क्लच चालू असताना मोठ्या चकतीकडे जाणारी कळ अंगठ्याला थोडी जड लागते. सवयीने ते जाणवेनासे होते. मागचे चाक काढताना क्लच बंद करावा, म्हणजे झटापट करावी लागत नाही.

शिफ्टरची लहान कळ अंगठ्याने ढकलता येते आणि तर्जनीने ओढताही येते. दगडांच्या पायऱ्यांवर अंगठा हँडलभोवती घट्ट ठेवून बोटाने गिअर बदलता येणे ही लहानशी सोय मला फार मोलाची वाटते. डावा शिफ्टर, पुढचा डिरेलर आणि त्याची केबल गेल्याने हँडल मोकळे झाले, चिखल अडकण्याची एक जागा कमी झाली. वजनात मोठी बचत मात्र समजू नये. नवी कॅसेट जुनीपेक्षा बरीच जड आहे; काढलेले आणि लावलेले सर्व भाग स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलले तेव्हा सायकल जेमतेम पाव किलो हलकी झालेली आढळली.

सिंहगडाच्या घाटात तो फरक वजनाचा नाहीच, गिअरच्या क्रमाचा आहे. पूर्वी वळण अचानक उभे झाले की पुढची चकती लहान करावी लागे, त्याच क्षणी मागे दोन गिअर जड करावे लागत, आणि या गडबडीत पायाखालचा जोर निघून जाई. आता फक्त उजवा अंगठा, एकामागून एक. गोळेवाडीपासून वरच्या वाहनतळापर्यंत मी पूर्वी दोनदा थांबत असे. आता पाणी पिण्यापुरता एकदा थांबतो.

देखभालीच्या बाबतीत अकरा गिअरची चेन आठच्या चेनपेक्षा अधिक काळजी मागते, हे मान्य करूनच हा संच घ्यावा. ती अरुंद असते आणि झिजलेली चेन महागडी कॅसेट आपल्याबरोबर झिजवते. मोजण्यासाठी वेगळे यंत्र नसले तरी पोलादी पट्टी चालते. नव्या चेनवर एका पिनच्या मध्यापासून बारा इंच मोजले, म्हणजे ३०४.८ मिलिमीटर, की तिथे बरोबर दुसऱ्या पिनचा मध्य येतो. तोच पिन एक सोळांश इंच, म्हणजे सुमारे दीड मिलिमीटर पुढे सरकला की झीज अर्धा टक्का झाली आणि चेन बदलण्याची वेळ आली. आठ गिअरच्या चेनला पाऊण टक्क्यापर्यंत चालते, इथे तसे करू नये. माझी पहिली चेन एका पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात संपली. आमच्या टेकड्यांवरचा बसाल्टचा बारीक भुगा पाण्याबरोबर चेनच्या कड्यांमध्ये शिरतो आणि सँडपेपरसारखे काम करतो. त्यामुळे पावसात फिरून आल्यावर त्याच संध्याकाळी चेन धुऊन, कोरडी पुसून, प्रत्येक कडीला तेलाचा एक थेंब देऊन वरचे तेल पुन्हा पुसून टाकणे मी कधीही चुकवत नाही. शिवणयंत्राचे तेल कोरड्या दिवसांत काम भागवते, पण पावसात ते पहिल्याच ओढ्यात धुऊन जाते; त्या चार महिन्यांसाठी सायकलच्या चेनचे दाट तेल आणावे.

भाग एकमेकांत मिसळण्याबाबत एक सूचना. शिमानोने २०२३ मध्ये क्यूज नावाची नवी श्रेणी आणली, तिच्यातही अकरा गिअर आहेत. पण तिची रचना वेगळी आहे आणि केबल ओढण्याचे प्रमाणही वेगळे, त्यामुळे क्यूजचा शिफ्टर आणि एम५१०० चा डिरेलर एकत्र चालत नाहीत. रोड सायकलच्या अकरा गिअरचे शिफ्टरही इथे उपयोगी नाहीत. दुकानात "अकराचाच आहे, बसेल" असे सांगितले गेले तरी पेटीवरचा मॉडेल क्रमांक स्वतः वाचावा.

आणि ज्यांच्या सायकलचे ब्रेक उतारावर भरवशाचे नाहीत, त्यांनी हे पैसे आधी तिकडे घालावेत. हायड्रॉलिक ब्रेक पुष्कळ स्वस्त झाले आहेत आणि शिमानोच्या ब्रेकमध्ये खनिज तेल असल्याने घरी काम करणाऱ्याच्या कातडीला आणि फ्रेमच्या रंगाला ते डॉट नावाच्या दुसऱ्या ब्रेकद्रवाइतके घातक नसते. फक्त एकात दुसरे कधीही घालू नये. रबरी सील फुगून ब्रेक निकामी होतात.

हा संच मी पुन्हा घेईन का, असे कोणी विचारले तर उत्तर होकारार्थी आहे, आणि त्याचे पहिले कारण चाक न बदलता तो बसतो हेच आहे. ज्यांची फ्रेम सुदृढ आहे, हब आठ, नऊ किंवा दहा गिअरचा आहे आणि जे चढांवर झगडतात, त्यांच्यासाठी याहून योग्य पर्याय मला दिसत नाही. नवी सायकल घेणाऱ्याने मात्र बारा गिअरचाच हब पाहावा. माझ्याकडे आता दुसरी चेन लागली आहे, कॅसेटवर फक्त १८ आणि २१ च्या चकत्यांचे दाते किंचित चमकू लागले आहेत. फ्रेमच्या क्रमांकाला जुळणारा एक नवा हँगर मी मागवून ठेवला असून, तो त्याच्या दोन बोल्टांसह कागदात गुंडाळून सीटखालच्या पिशवीत असतो.